काटछाटरावांचे आभासी कप्पे

पडदा वर जातो तेव्हा एक अरुंद खोली दिसते. भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं, सगळी रिकामी. कोपऱ्यात टेबल, टेबलावर घरघरणारा संगणक आणि त्याच्यासमोर, प्रेक्षकांकडे चक्क पाठ करून बसलेले आमचे काटछाटराव.

काटछाटराव आमच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून आले. पडद्याआडून नटाला शब्द पुरवायचं काम. पण यांना पुरवण्यापेक्षा कापण्यात गोडी. एका प्रवेशात रुसून निघालेल्या नायिकेला मी दोनदा ‘थांब’ म्हणायचो. प्रयोग ऐन रंगात आलेला असताना विंगेतून कुजबूज आली, "एकदाच म्हणा. ऐकलंय तिनं." पहिल्या तीन रांगा हसल्या. त्या दिवसापासून हे नाव चिकटलं.

एकसारख्या दोन वस्तू एका छपराखाली सुखाने नांदताहेत, हे या माणसाला बघवतच नसे. घरात किल्ल्यांचे दोन जुडगे होते. एक यांनी टाकून दिला, उरलेला स्वतःच्या खिशात. त्यानंतर वहिनींनी, म्हणजे आमच्या कपडेपटाच्या प्रमुख असलेल्या त्यांच्या पत्नीने, अख्खी दुपार जिन्याच्या पायरीवर बसून काढली. नवरा आला तो वर विचारतो, "आत का नाही बसलीस?"

पुढे मंडळींच्या जुन्या गाण्यांच्या फिती आणि छायाचित्रं संगणकात भरायचं ठरलं आणि रावांना संग्रहप्रमुख केलं. कोणी केलं, हे आता कोणी कबूल करत नाही. सगळं आत गेलं त्याच आठवड्यात फिती भंगारात आणि आल्बम रद्दीत गेले. मी कळवळून म्हणालो, "अहो, माझा राजाच्या वेशातला एकुलता एक फोटो त्यात होता!"

"आत आहे ना? मग बाहेर कशाला?"

मग त्यांनी वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पानं पुरवणारा संगणक, उभा केला. आमच्या इमारतीपुरताच: वाचनकक्षातल्या संगणकांवर पान उघडायचं आणि घरबसल्या नव्हे, मंडळीबसल्या संग्रह बघायचा. ते पान तयार झालं तेव्हा रावांनी मला खुर्चीवर बसवून व्याख्यान दिलं.

"याला म्हणतात व्हर्च्युअल डिरेक्टरी. आभासी कप्पा. फाइली पडल्यात दुसऱ्या डिस्कवर, कुठल्या तरी वेड्यावाकड्या नावाच्या फोल्डरात. मी सर्व्हरला सांगितलं, बाबा रे, या फोल्डराला ‘गाणी’ म्हण. आणि रस्ता दिला. पानावर ‘गाणी’ दाबा, गाणी हजर!"

मला लगेच आमचा सेट आठवला. रंगवलेलं दार असतं, त्यावर ‘दिवाणखाना’ लिहिलेलं असतं. पण खुर्च्या, समया, माणसं, सगळं विंगेत. दार म्हणजे नुसती पाटी. एवढं मला कळलं. रावांना ते कळलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी रावांचं निवृत्तीचं वय झालं. एक वर्ष वाढवून द्यायचं की नाही, हे संचालक मंडळ शनिवारी संग्रह पाहून ठरवणार होतं. राव वरून शांत. मला म्हणाले, "घरात आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर? एक जास्त होईल हो."

शुक्रवारी त्यांनी शेवटचा हात फिरवायला घेतला. आधी सर्व्हर उघडला: ‘गाणी’त सगळी गाणी. मग डिस्क उघडली: तीच गाणी! छायाचित्रंही तीच! सगळं दोनदा! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. डिस्कवरचं सगळं त्यांनी फोल्डरांसकट पुसलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण टोपलीत तरी कशाला? मग पान उघडून पाहिलं. ‘गाणी’, ‘छायाचित्रे’, पाट्या जागच्या जागी. समाधानाने दिवा मालवून घरी गेले.

शनिवारी वाचनकक्षात संचालक मंडळ खुर्च्या अडवून बसलं. राव इस्त्रीच्या शर्टात. अध्यक्षांनी स्वतः ‘छायाचित्रे’ दाबलं. पडद्यावर आलं: सापडत नाही.

"हे काय?" अध्यक्ष.

"सुरक्षा," राव म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले; स्वतःला एवढाच सुचला.

"कोणापासून? आमच्यापासून?"

‘गाणी’ दाबलं. तीही सापडेनात. राव धावत अरुंद खोलीत गेले, मागोमाग मी. डिस्क उघडली. कपाटांइतकीच रिकामी. "मी एकच काढलं होतं हो," ते पुटपुटले. "एक ठेवलं होतं."

"राव, तुम्ही दार ठेवलंत. खोली पाडलीत."

एवढ्यात दारात वहिनी. गळ्यात मोजपट्टी, हातात पेन ड्राइव्ह. बातमी कपडेपटापर्यंत पोहोचली होती.

"गाणी आहेत यात. इस्त्री करताना ऐकते मी," त्या म्हणाल्या.

"तू परस्पर कॉपी केलीस?"

"तुमच्या हाती गेलेली वस्तू मी दुसरीकडे ठेवतेच. जिन्यात बसले ना त्या दिवसापासून."

"आणि फोटो?"

"फोटो बघत इस्त्री केली तर कपडे जळतात. नाहीत फोटो."

रावांनी त्या जुन्याच नावाचं फोल्डर पुन्हा केलं आणि गाणी त्यात ओतली. बाकी कशाला हात लावला नाही. वाचनकक्षात कोणी तरी ‘गाणी’ दाबलं आणि भिंतीपलीकडून आमच्या मंडळींचा जुना कोरस उसळला. सुरात, बेसुरात, पण सगळे. मी तिथेच डोळे पुसले. छायाचित्रं मात्र गेली ती गेलीच. मी कधी काळी राजा दिसत होतो, याला आता माझ्या शब्दापलीकडे पुरावा नाही.

अध्यक्ष अरुंद खोलीच्या दारात आले. गाणं संपेपर्यंत थांबले, एवढं मोठेपण त्यांच्याकडे होतं. मग म्हणाले, "संग्रह सोमवारपासून वहिनींकडे. मदतनीस हवा असेल, तर त्यांनी त्यांचा निवडावा. आम्ही त्यात पडणार नाही." आणि मंडळ चहाला गेलं.

खोलीत आम्ही तिघं. वहिनी पेन ड्राइव्ह मोजपट्टीत गुंडाळत होत्या. वर्षानुवर्षं ज्या बाईला ‘अगं’ म्हणून हुकूम सोडले, तिच्यासमोर राव उठून उभे राहिले, शर्ट नीट केला आणि प्रॉम्प्टरच्याच आवाजात, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले,

"सोमवारी मी आलो तर चालेल ना?"