वन्सं आणि दोन महिन्यांचं दुकान

"घरात असं काय कमी आहे, म्हणून दरवर्षी त्या दुकानात जातेस?" वन्संचे यजमान विचारत होते. आमची घरं शेजारी शेजारी आणि मधली भिंत अशी, की पलीकडे कुणाला उचकी लागली तर इकडे मी पाणी प्यावं.

"काही कमी नाही," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच जाते."

"हे काय उत्तर झालं?"

"वर्षभर बाजारात जाते ते पीठ संपलं म्हणून, साबण संपला म्हणून, तुमच्या गोळ्या संपल्या म्हणून. त्या दुकानातलं काहीच आपल्या घरात कधी संपत नाही. तिथं मला कुणी धाडलेलं नसतं."

"आणि मी आडवा पडलो दारात?"

"पडा की. ओलांडून जाईन."

मग एक भांडं आपटलं. कुणी आपटलं ते भिंतीतून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वन्सं दुकानात गेल्या. यजमान काही दारात आडवे पडले नाहीत, खिडकीत उभे राहून त्या परत यायची वाट बघत होते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात त्यांचा जन्म गेला. पांढरी चादर, पांढरी उशी, पांढरा टॉवेल. घरी आल्या की म्हणायच्या, "वहिनी, आज एक निळा धागा दिसला हो, जीव हरखला!" अशा बाईला ते सजावटीचं दुकान म्हणजे माहेरच.

ते दुकानही विचित्रच. सुट्ट्यांच्या हंगामात दोन महिने उघडायचं, मग गायब. जागा दरवर्षी वेगळी. कुणाचं दुकान बुडालं, जागा रिकामी झाली, की ही मंडळी तिथं आपले खोके घेऊन हजर. एक वर्ष जुन्या बँकेत मांडलं होतं, तेव्हा तिजोरीच्या खोलीत कागदी चांदण्या टांगलेल्या. आत शिरलं की दिव्यांच्या माळा लुकलुकतात, झिरमिळ्या डोक्याला लागतात, खोटा बर्फ चपलेला चिकटतो तो पार अंथरुणापर्यंत येतो. मी दोन फेऱ्यांत दमायचे. वन्सं आधी हात पाठीमागे बांधून सगळं दुकान नुसतं बघायच्या. मग दुसरी फेरी हातांनी. मग एकच वस्तू घ्यायच्या. "सगळं बघायचं आणि एकच न्यायचं," म्हणायच्या, "बाकीचं दुकानात राहिलं तरी मी बघितलेलं आहेच ना." अगदी शेवटी माझ्यासाठी एक काहीतरी घ्यायच्या, आणि माझी दुपारची झोप मोडू नये म्हणून बेल न वाजवता पिशवी माझ्या दाराच्या कडीला लावून जायच्या.

यजमान गेले. मग काही वर्षांनी वन्संचे डोळे गेले. अगदी आंधळ्या नव्हत्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, कडेचं दिसेल. म्हणून त्या माझ्या कानाकडे बघून माझ्याशी बोलायच्या. मी आपली कानातलं नीट आहे ना ते चाचपायचे. हे दुखणं आम्हा दोघींतच राहिलं, कारण त्यांच्या लेकाला कळलं असतं तर घराला कुलूप लागलं असतं.

लेक लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, दूरच्या शहरात. स्वभावानं सोन्यासारखा. पण रोज अडकलेली माणसं बाहेर काढून काढून त्याला सगळं जग अडकलेलंच दिसतं. तो एका हंगामात आला आणि त्याच्यासमोर वन्संनी गरम दूध कपाशेजारी ओतलं. टेबलावरून दूध त्याच्या मांडीवर आलं तरी त्या विचारत होत्या, "साखर पुरे का रे?"

झालं. संध्याकाळी त्याचा आवाज भिंतीतून आला.

"आई, सामान बांध. माझ्याकडे चल."

"तुझ्या चौदाव्या मजल्यावर मी काय करू? ढग मोजू?"

"इथं जिन्यावरून पडलीस तर?"

"पडेन तर माझ्या जिन्यावरून पडेन."

मग आवाज बारीक झाला. मी कान भिंतीला लावला, लाज कसली त्यात. शेवटी तो म्हणाला, "उद्या तू त्या तुझ्या दुकानात एकटी जायचंस. मामी नाही सोबतीला. मी लांब उभा राहीन, बोलणार नाही. झाडाला टांगायचा लाल काचेचा गोळा घेऊन बाहेर ये. आणलास तर राहा इथं. नाही तर परवाची गाडी."

वन्संना लाल आणि हिरवं सारखंच दिसत होतं, मातीसारखं. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

"लाल तर लाल," वन्सं म्हणाल्या.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी मी त्यांना म्हटलं, "मी बाहेरून खोकते. लाल आला की एकदा."

"वहिनी, तुम्हाला बारा महिने खोकला. सगळं दुकान घरी आणावं लागेल मला."

त्या वर्षी दुकान एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात मांडलं होतं. लेकानं मला काचेबाहेर उभं केलं आणि आपण आत जाऊन दाराजवळ थांबला. वन्सं आत शिरल्या. हात पाठीमागे, मान जराशी वाकडी. कडेकडेनं बघत पहिली फेरी सुरू झाली. दोन्ही बाजूंना काचेचे गोळे हारीनं टांगलेले, हात लागला तर रास खाली. त्यांचा पदर एका गोळ्याला लागला. गोळा झुलला, शेजारच्याला टेकला. लेकानं पाऊल उचललं आणि परत खाली ठेवलं.

मागच्या भिंतीला चपलांच्या दुकानातला मोठा आरसा तसाच होता. वन्संना ती वाट वाटली. त्या सरळ त्याच्याकडे चालत गेल्या. समोरून एक बाई येतेय म्हणून थांबल्या. डावीकडे झाल्या, तीही झाली. उजवीकडे झाल्या, तीही तिकडेच. मग आरशात मी त्यांचे ओठ हलताना बघितले. पुढे त्यांनीच सांगितलं काय म्हणाल्या ते: "अहो बाई, जरा सरकता का?"

लेकानं डोळे मिटून घेतले. मी कपाळ काचेला टेकवलं. परवाची गाडी, मी मनात म्हटलं.

वन्संनी हात पुढे केला, तळवा गार काचेला लागला. जागच्या जागी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडणार. त्या वळल्या, खुर्चीवर बसलेल्या दुकानवालीकडे गेल्या आणि मोठ्यानं, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. तेवढं मला काचेतूनसुद्धा ऐकू आलं.

"बाई, मला डोळ्यांनी कमी दिसतं. यातला लाल कुठला, तेवढं सांगा."

जन्मात या बाईनं कुणाला काही विचारलं नव्हतं. चुकीच्या बसमध्ये चढली तर शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन चालत परत येणारी. दुकानवाली उठली, त्यांचा हात धरून खोट्या झाडाच्या एका फांदीपाशी घेऊन गेली. वन्संनी गोळा बोटांवर तोलला, नखानं टिचकी मारली, पसंत नाही पडला. दुसरा मागितला. तिसरा घेतला.

बाहेर येऊन गोळा लेकाच्या हातात ठेवला. "लाल आहे ना? नाही तर त्या बाईशी भांडून येते."

लेकानं गोळा दोन्ही हातांत धरला. "आई, तू विचारलंस," एवढंच म्हणाला.

"मग काय आरशातल्या बाईवर भरवसा ठेवू? जन्मभर वाटेत उभी आहे मेली."

त्याला हसू आलं. डोळे पुसायचं निमित्तही त्यातच झालं. तो म्हणाला, "तू लपवून चालशील, याची मला भीती होती. विचारत चालणार असशील, तर राहा." गाडीची तिकिटं त्यानं परत केली आणि जायच्या आधी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. एक पट्टी उरली, ती माझ्या उंबऱ्याला. म्हणाला, "मामी, तूही काही तरुण नाहीस."

त्यानंतर वन्संना विचारायची जी चटक लागली! बसवाल्याला विचार, भाजीवाल्याला विचार, अनोळखी पोराला विचार, "तुझा सदरा कुठल्या रंगाचा रे?" आणखी बरेच हंगाम वन्सं त्या दुकानात गेल्या, आणि दुकानवाली त्या आल्या की खुर्चीवरून उठायचीच.

मागच्या हंगामात दुकान एका बंद औषधांच्या दुकानात होतं. त्या दिवशी वन्सं एकट्याच गेल्या. नेहमीसारखं सगळं बघितलं, एक स्वतःसाठी घेतलं, एक माझ्यासाठी. मी आडवी झाले होते, पण झोप नीट लागली नव्हती. जिन्यावर त्यांची पावलं ऐकली, पट्टी दिसेपर्यंत थांबत थांबत. दाराशी त्या थांबल्या. कडीला पिशवी अडकवल्याचा बारीक आवाज आला. बेल काही वाजवली नाही. मग पलीकडे त्यांचं दार उघडलं आणि लागलं.