आईचे धवले

कामोठ्यातला आमचा कॉम्प्युटरवाला बोलताना गिऱ्हाइकाकडे बघत नाही, स्क्रूकडे बघतो. काहीही विचारा, आधी “नाय व्हनार” म्हणतो आणि मग कामाला लागतो. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. लॅपटॉपवर नवी सिस्टीम मीच ऐटीत टाकली आणि तो सुरूच होईना. आत गेल्या वर्षी वारलेल्या आईच्या आवाजातले धवले होते, आम्हा आगऱ्यांच्या लग्नातली गाणी.

“कॉपी नाय ठेवली? शिकल्याल्या ना तुमी, ताई?” तो स्क्रूला म्हणाला. मी लॅपटॉप ठेवून निघाले.

दोन दिवसांनी फाईल सापडली. खात्रीसाठी त्याने ती लावली. शेवटी आई एक ओळ विसरते, हसते आणि रेकॉर्डिंग संपतं. तो हातातलं काम न थांबवता ती ओळ गायला, थेट बायकांच्या सुरात.

“तुम्हाला येतं?”

“माझी आय गायाची. आता गावान कोन नाय गात.”

आई शिकवायला बसायची, तेव्हा मी अभ्यासाचं सांगून उठायचे. आज लॅपटॉप हातात आला तरी स्टुलावरून उठवेना.

“दादा, पुढचं म्हणा ना.”

त्याने खडखडणारा पंखा बंद केला आणि पहिल्यापासून धरलं.