हव्वेचं सफरचंद आणि जतचं डाळिंब

विशी-बाविशीत मला शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, सगळं कळत होतं. पुढं वाचत गेले तसतसं कमी कळायला लागलं.

तेव्हा मी सांगलीत चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची. योनाला देवमाशानं गिळलं, बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले मागी लोक तिघं होते, हव्वेनं सफरचंद खाल्लं, असं ठणकावून सांगायची. जणू तिथं मी पाट मांडून बसले होते.

एकदा एदेन बागेचं चित्र काढायची स्पर्धा ठेवली. बक्षीस म्हणून बाजारातून एक सफरचंद आणून टेबलावर ठेवलं. त्या काळी सफरचंद दिसायचं ते आजारी माणसाच्या उशाशी. मुलांची नजर कागदावर कमी आणि टेबलावर जास्त. ज्या फळानं माणूस बागेतून हाकलला गेला तेच बक्षीस द्यायचं, यात काही विचित्र आहे असं मला, वर्गाच्या बाईंना, वाटलं नाही.

सगळ्यांत सुंदर चित्र जतकडच्या एका मुलीचं होतं. आत्याकडे शिकायला राहिलेली. पण तिच्या झाडाला डाळिंबं लागली होती. एक तर उकललेलं, आतला दाणा न् दाणा दिसणारं.

"हे काय गं?"

"डाळिंब, बाई. आमच्या हिरीवर हाय."

"एदेन बाग काय तुमच्या विहिरीवर होती?"

वर्ग हसला. ती सफरचंदाकडे बघत हळूच म्हणाली, "पर त्ये दुष्काळात बी जगतंय, बाई."

मी लाल पेन्सिलीनं चित्रावर फुली मारली. बक्षीस कुणालाच दिलं नाही. सफरचंद घरी नेलं आणि मीठ लावून एकटीनं खाल्लं. हव्वेनं निदान नवऱ्याला तरी दिलं होतं.

परवा नात तसंच चित्र काढत बसली होती.

"फळ लाल रंगव. सफरचंद आहे ते."

"कुठं लिहिलंय, आज्जी?"

"शास्त्रात."

"दाखव की!"

चष्मा लावून उत्पत्तीचा तिसरा अध्याय तीनदा वाचला. फळ आहे, सफरचंद नाही. त्या दोघांनी अंगाला गुंडाळलेली पानं मात्र अंजिराची, स्पष्ट लिहिलेली. योनाकडे गेले, तर नुसता मोठा मासा. मागी किती, ते कुणी मोजलेलंच नाही.

"आणि तू बाई होतीस?" नात म्हणाली.

ती जतची मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. दर नाताळला सांगलीच्या चर्चला येते आणि माझ्यासाठी घरची डाळिंबं आणते. इतकी वर्षं मी ती सोलून खात आले, पण ती फुली काही आठवली नव्हती. या नाताळला मीच एक सफरचंद घेऊन गेले. उपासना सुटल्यावर व्हरांड्यात तिच्या हातात ठेवलं.

"हे तुझं बक्षीस. शास्त्रात सफरचंद नाहीच. चूक माझी होती."

"आवं बाई, ठावं हाय मला. आत्यानं त्याच रात्री वाचून दाखवलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी हानलं असतं की!"

"आणि ही डाळिंबं?"

"तुमाला कवा आठवतंय, बगत व्हते. लय वरसं लावली बगा."

तिनं सफरचंद पदराला पुसलं आणि तिथंच उभ्यानं खाल्लं, पार बियांपर्यंत. मी बघत होते. मला एक फोडसुद्धा दिली नाही.