खोडातली कुरकुर

खजुराच्या त्या बागेत तिला सगळे कानवाली म्हणत. सकाळी पाण्याचे पंप सुरू व्हायच्या आत ती एकेका झाडाशी बसायची, खोडात बारीक सळई रोवायची, तिला यंत्राची वायर जोडायची आणि कानांवर हेडफोन चढवून डोळे मिटायची. भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. वर झावळ्या हिरव्यागार दिसतात, पण आत अळ्यांच्या खाण्याची कुरकुर ऐकू येते. "हिच्यासमोर मनातसुद्धा बोलू नका रे," माळी चेष्टा करायचे. तीही हसून घ्यायची.

हे काम तिने मागून घेतलं होतं. तिचा नवरा याच बागेत फळं उतरवायला चढायचा. एका धडधाकट दिसणाऱ्या झाडाचा शेंडा त्याच्यासकट मोडून खाली आला. आत नुसता भुसा होता. पुढे बागेत यंत्र आलं, तेव्हा ती मुकादमापुढे उभी राहून एवढंच म्हणाली, "मला शिकवा."

ती आणि तिची सासू एकाच छपराखाली राहत, पण मुलाचा विषय निघाला की म्हातारी उठून आत जाई.

एका सुट्टीच्या दिवशी सुनेने यंत्र घरी आणून घरामागच्या खजुराला सळई लावली. ते झाड नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं. बराच वेळ काहीच नाही. मग खाली बुंध्याकडे, वाळलं गवत चुरडावं तसा आवाज आला. तिने सळई काढून जरा खाली रोवली आणि पुन्हा ऐकलं.

"काय झालं गं?" सासूने दारातून विचारलं.

"कीड आहे, आई. नुकतीच लागलीय."

सासू जवळ आली. "दे, मला ऐकू दे."

तिने हेडफोन सासूच्या कानांवर नीट बसवले. म्हातारी श्वास रोखून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेव्हा हे यंत्र असतं, तर तो चढला नसता ना?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती.

"नसता," सून म्हणाली. "मी चढूच दिलं नसतं."

सासू मटकन खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेसमोर रडली. सुनेने तिला जवळ घेतलं. तिलाही मग आवरेना.

दुपारी दोघींनी मिळून बुंध्याला भोकं पाडली, औषध भरलं, वरून माती लिंपली. त्यानंतर कितीतरी आठवडे सून ऐकत होती. कुरकुर आधी विरळ झाली, मग थांबली. झाड वाचलं.

सासू आता जेवताना अधूनमधून मुलाच्या खोड्या सांगते. कधी घास हातातच राहतो, कधी दोघी हसतात.