आधी नळ दाखवा

"तिच्या पायाला हात लावू नकोस!"

मॅडमनी पोरीला दंड धरून मागं ओढलं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चंडीगडातल्या मराठी बायका आल्या होत्या, बहुतेक फौजी साहेबांच्या. पोरगी ओळीनं सगळ्यांच्या पाया पडत आली. शेवटी मी, हातात तिळगुळाचं ताट. मलाही वाकली. माझ्याच मांडीवर वाढलेली.

"क्यों मम्मा?"

"चिकटतं ते."

सगळ्यांची नजर खाली. डावा पाय, गुडघ्यापासून सुजलेला, कुठल्याच चपलेत न मावणारा. एक बाई म्हणाली, "अगंबाई, हत्ती पाळलाय की तुम्ही!" हसल्या. मीही हसले. नागपूरहून मला मॅडमनीच आणलं. मागची खोली दिली, स्वेटर दिला. सातवीत शाळा सुटलेलीला कोण देतं एवढं?

आमच्या गडचिरोलीकडे गावोगाव हत्तीरोग. डासानं होतो, हात लावून नाही. गावची नर्सबाई सांगायची, पाय रोज साबणानं धू, बोटांच्या मधून कोरडा कर. इथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी न विचारता साडी वर सरकवली, शिकणारी पोरं गोळा केली. "देख लो, यहाँ ऐसा केस नहीं मिलता." फोटो काढले. पाय सांभाळायचा कसा, कोणी बोललं नाही. घरी येताच मॅडम म्हणाल्या, "आमच्या बाथरूममध्ये पाय धुवायचा नाही." ते बाथरूम रोज मीच घासते. माझ्या खोलीला नळ नाही.

पाय धुणं सुटलं. चिरा पडल्या. वरचेवर थंडी वाजून ताप, पाय तव्यासारखा. तशीच पोळ्या लाटत उभी. बोलले तर काढतील. मग जाऊ कुठं?

"बायका जाईपर्यंत मागं बस," मॅडम म्हणाल्या.

गेले. पायरीवर बसले. चिरेतून पाणी गळत होतं. मायचा पाय असाच फुटला होता. शेवटी तिला दारापर्यंतही चालता येईना. आता माझी पाळी. परक्या गावात.

पोरगी मागून आली. लांबच उभी राहिली.

"मौसी, दर्द होता है?"

या शहरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही.

उठले. बायकांच्या मधून बाथरूममध्ये गेले. गरम पाण्याची बादली भरली, साबण घेतला, पाटावर बसले. दार उघडंच ठेवलं.

"हे काय चालवलंयस?"

"पाय धुते, मॅडम."

"कामावर राहायचंय ना तुला?"

"राहायचंय. पायच गेला तर कशी राहू?"

कोणी हसलं नाही. मी एकेक बोट पुसलं.

काम राहील का, ठाऊक नाही. त्यांचे उपकार आहेत, ते मी विसरत नाही. पण उपकारापायी पाय कुजवणार नाही. उद्याही इथंच धुणार. काढलं तर दुसऱ्या दारात उभी राहीन आणि म्हणेन, आधी नळ दाखवा. पगाराचं मग बोलू.