आधी गुंता, मग चहा

माणूस ओळखण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा वैनगंगेच्या काठावर कोणी नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. आरमोरीकडच्या आमच्या गावात महाजाळ ओढायला बरीच माणसं लागत, आणि कोणी कुठं उभं राहायचं हे साडू ठरवत. त्यासाठी त्यांची एक परीक्षा होती. जुन्या सुती जाळ्याचा एक तुकडा ते मुद्दाम गुंतवून ठेवत आणि नवा माणूस घरी आला की चहाच्या आधी तो त्याच्या हातात देत. हिसके मारणारा तापट, त्याला दोर ओढायला लावायचं. मुकाट्यानं गाठी सोडवणारा थंड, त्यानं जाळी सांधायची. गुंता मांडीवर ठेवून गप्पा मारणारा मासळी विकायला बाजारात. मुलीला बघायला आलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. मुलाचा बाप तणतणत उठला, तर त्याला म्हणाले, "बसा जी. तुमचं समजलं. आता पोराले पाहू द्या." पोरानं खाली मान घालून निम्मा गुंता सोडवला आणि लग्न तिथंच ठरलं.

माझ्या हातात जाळं आलं ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मी आधी विचारलं, "तुटलं तर?" साडूंनी ते लगेच काढून घेतलं. "हा भेकड हाये," त्यांनी साऱ्या वऱ्हाडासमोर जाहीर केलं. "याले डोंग्यात समोर बसवा. भेणारा मानूस पान्यावरची नजर काढत नाई." तेव्हापासून डोंग्याचं पुढचं टोक माझं. कुठं भोवरा आहे, कुठून ओंडका वाहत येतोय, हे ओरडून सांगायचं. अपमान वाटायचा, पण ते काम मला जमायचं. स्वतःला मात्र साडू थंडांत मोजत. त्यांच्या हातात जाळं द्यायची कोणाची छाती नव्हती.

एका श्रावणात त्यांची तीच मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सकाळपासून कळा देऊन पोर अगदी थकली आणि दुपारी सुईणीनं हात टेकले. "पल्याड दवाखान्यात न्या," ती म्हणाली. नदी तर दुथडी भरून चाललेली.

साडूंनी डोंगा काढला. मुलीला मधे निजवलं, तिच्या आईला पायाशी बसवलं, वल्ह्यांवर दोन तापट गडी घेतले, मला पुढं धाडलं आणि स्वतः दिशा धरायला मागच्या वल्ह्याशी बसले. मग उठले. बायकोला उशाशी बोलावलं, गड्यांच्या जागा बदलल्या, परत होत्या तशा केल्या. डोंगा कलला, पोर कण्हली. साडू सगळ्यांवर खेकसत होते आणि डोंगा अजून काठालाच होता.

या माणसाला थंड कोणी म्हटलं होतं?

मी मागं गेलो. "भाऊ, तुमी पोरीचं डोकं मांडीवर घ्या. मागं मी बसतो."

मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण ते लहान मुलासारखे उठले आणि सांगितलं तिथं बसले. त्यांची ती अवस्था पाहून मला नदीपेक्षा जास्त भीती वाटली. एवढी वर्षं पाणी बघण्यात गेल्यामुळं डोंगा कुठून काढायचा ते मला ठाऊक होतं, एवढंच. मधल्या धारेत डोंगा गरकन फिरला, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुले भेव लागते का नाई गा?"

"लागून राह्यलं ना, भाऊ."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले, आणि पोरीच्या कपाळावरून हात फिरवू लागले.

संध्याकाळी नात झाली. मायलेकी दोघी सुखरूप. साडू दवाखान्याच्या पायरीवर बसून माझा हात धरून रडले.

आता ते नाहीत. अडचण आली की मी अजूनही आधी घाबरतो आणि मग कामाला लागतो. घरातली पोरं माझ्या घाबरण्याला हसतात, बायको धीर देते. त्या भीतीला ठीक म्हणणारा एकच माणूस होता, आणि त्याची मला फार आठवण येते.