व्हर्नाबाईंची वरची फळी

व्हर्ना करिन यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: बायबल आणि स्वतःचं कुलूप. त्यातलं कुलूप त्या लावल्यावर दोनदा ओढून बघत. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोपरोगांच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तरी मी जवळून गेलो की त्यांचा हात डब्याच्या झाकणावर जाई.

मर रोगाच्या जिवाणूची चरबी तपासणं हे बाईंचं काम. थाळीत जिवाणू इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात अठ्ठावीस अंशांवर दिवसभर वाढवायचे, त्यांची चरबी काढून यंत्रात घालायची. यंत्र कागदावर चरबीतल्या मेदाम्लांचा आलेख, एकेकाचं शिखर, काढी आणि बाई त्यावरून जिवाणूचं कुळ-मूळ सांगत.

एका एप्रिलमध्ये ओटिस रॉयस्टर पावाच्या पिशवीत माना टाकलेली टोमॅटोची रोपं घेऊन आला.

"गावचाच रोग असला तर दोन ट्रे उपटीन, बाई. परदेशी निघाला तर सरकार माझी सगळी रोपं जाळेल."

"रोपं कुठून आणलीस?"

"घरच्याच बियांची आहेत."

"सगळे असंच म्हणतात."

आठवड्याने कागद आला. शिखरं गावच्या एकाही जिवाणूशी जुळत नव्हती. बाईंचा चेहरा उजळला.

"बघ क्लाइड! ओटिसच्या मेव्हण्याचा ट्रक आहे. कुठून काय आणत असेल, देव जाणे."

त्यांनी फोन उचलला. सरकारी निरीक्षकाला लावत होत्या.

"बाई, एकदा परत वाढवून बघू या की."

"तू पण त्यांना सामील?"

"मी फक्त त्याचे टोमॅटो खातो. थाळी कुठे ठेवली होतीत?"

"इन्क्युबेटरमध्ये. आणखी कुठे, माझ्या पर्समध्ये?"

"कुठल्या फळीवर?"

बाईंनी फोन हळूच खाली ठेवला. "वरच्या. मागे, खोक्याआड."

"वर तर हीटर आहे!"

"मग काय करू? मधल्या फळीवर तुझ्या थाळ्या. मागच्या वर्षी माझी एक नाहीशी झाली, विसरला नाहीस ना?"

खोक्यामागे थर्मामीटर ठेवला. चौतीस अंश! जिवाणूही हवेप्रमाणे कपडे बदलतो: थंडीत पातळ चरबी, उन्हाळ्यात घट्ट. चोराच्या भीतीने बाईंनी त्याला भट्टीत बसवलं होतं आणि तो बिचारा ओळखू येईना.

पुन्हा थाळ्या वाढवल्या, मधल्या फळीवर, माझ्या थाळ्यांना खेटून. बाईंनी तोंड वाकडं करून त्या ठेवल्या आणि तासातासाला मोजल्या. या वेळी शिखरं गावच्या जिवाणूशी बरोबर जुळली.

ओटिसला फोन बाईंनी स्वतः केला. "दोन ट्रे उपट. बाकीचे राहू देत. आणि चूक माझी होती, हे गावभर सांगत फिरू नकोस."

जुलैत ओटिस टोमॅटोची भरलेली टोपली घेऊन आला. "जळाली नाहीत ती रोपं, बाई. त्यांचेच हे."

व्हर्नाबाईंनी वरचे टोमॅटो बाजूला केले आणि तळाशी हात घालून एकेक दाबून पाहिला.

"सगळेच चांगले आहेत," त्या संशयाने म्हणाल्या.